नमुन्याचा लोटा

मी देवासला एका शेठजींकडे विलायतेची पत्रं लिहायचो आणि माझे वडील धारला तांबट होते. शेठजींना परदेशी कारखान्यातून पितळी लोटे करवून आणायचे होते. नमुन्यासाठी त्यांना वडिलांच्या हातचा लोटा हवा होता, आणि मी निर्लज्जासारखा तो मागितला. वडिलांनी गळ्यापाशी पोचा पडलेला एक लोटा पुढे केला. म्हणाले, "नुसता बघायलाच हवाय ना? चांगले गिऱ्हाइकांना लागतात."

वर्षभराने पेट्या आल्या. शेकडो लोटे, पातळ पत्र्याचे, आणि प्रत्येकाच्या गळ्यापाशी तोच पोचा! शेठजी खूश. "देखो भिया, बाल बराबर फरक नहीं!"

धारच्या बाजारात ते निम्म्या किमतीला गेले आणि वडिलांची भट्टी विझली. पुढे ते लोटे गळायला लागले, तेव्हा लोक ते घेऊन आमच्याच दारात यायचे. घाट तुमचा आहे, आता तुम्हीच निस्तरा, म्हणायचे. वडील एका शब्दाने नाही म्हणायचे नाहीत. गळक्या जागी डाख लावून द्यायचे.

आणि मी तिकडे देवासला बसून पुढची मागणी लिहीत होतो : माल पहिल्यासारखाच पाठवावा, नमुन्यात बदल नको.