कोरा रकाना

वाल्मीक लहानू गायकवाड नाकावर माशी बसू द्यायचा नाही. भिवंडीतल्या आमच्या कॉम्प्युटर एजन्सीत त्र्याण्णव ते सत्त्याण्णव अशी चार वर्षं त्याचं आणि माझं टेबल लागून होतं, म्हणून हे मी खात्रीनं सांगतो. कुणी त्याला ऑपरेटर म्हटलं की तो फणकारायचा, "ऑपरेटर लूमवर असतात." मी कोन गावचा आगरी, आमच्या जिभेला हाड नाही. मी मुद्दाम म्हणायचो.

त्याचा जीव एका लायब्ररीत अडकला होता. पुस्तकांच्या नव्हे. ही कॉम्प्युटरची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. नाव, वय, पत्ता अशी सुटी माहिती एका मशीनवर फाइलमध्ये बांधायची आणि दुसऱ्या मशीनवर त्याच क्रमानं सोडायची, एवढंच तिचं काम. आम्ही तिला गाठोडं म्हणायचो. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं ती लिहून फुकट वाटली होती, आतला कोडही उघडा ठेवला होता. वापरा, दुरुस्त करा, दुरुस्ती पुढच्याला द्या. वाल्मीकला ती मुंबईच्या एका मित्राकडून दोन फ्लॉप्यांवर मिळाली. मशीनवर चढवायला चाळीस मिनिटं लागायची, तीही लाइट टिकली तर, आणि भिवंडीत लाइट टिकते कुठं? चार चार वेळा तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. एवढा तापट माणूस, पण या एका कामात गाईसारखा गरीब व्हायचा.

गाठोड्यात एक खोट होती. माहिती सोडताना एखादा रकाना कोरा लागला की ते तो गाळूनच टाकायचं आणि पुढची सगळी माहिती एकेक घर अलीकडं सरकायची. शहाण्णव साली वाल्मीकनं ही खोट शोधली, दुरुस्त केली आणि फ्लॉपी पोस्टानं त्या लेखकाला धाडली. काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली. तिच्यात आभाराच्या यादीत वाल्मीकचं नाव होतं आणि पुढं भिवंडी. त्यानं सगळ्या मजल्याला पेढे वाटले. मग ज्या ज्या ऑफिसात गाठोडं चढवलं होतं तिथं जाऊन त्यानं नवी आवृत्ती चढवली. एका ऑफिसनं मात्र सांगितलं, वरून परवानगी आली की चढवू. सरकारी काम, सहा महिने थांब. अर्ज आणि फ्लॉपी तिथं देऊन तो परत आला.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच ऑफिसचं काम आमच्याकडं आलं. खाडीकडचा रस्ता रुंद होणार होता, त्यात जाणाऱ्या घरांची पाहणी करायची होती. ज्यांचं राहणं जुनं त्यांना बदली खोली, बाकीच्यांना काही नाही. फॉर्म भरायला मी फिरलो. त्या वस्तीत वाल्मीकची मावशी द्रौपदी एकटी राहायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून शिकवलं. धाग्यानं तिच्या बोटांना कायमचे चरे पडले होते.

"धर्म?" मी विचारलं.

"बौद्ध."

"जात?"

"न्हाय."

"मावशी, काहीतरी लिहावं लागतं."

"माज्या बापानं छप्पन साली टाकली ती. मी चौदा वर्सांची व्हते. त्यो रकाना कोरा हाय, कोराच ठेव."

मी ठेवला. तशी एकतीस घरं निघाली. आमच्या घरचा फॉर्म असता तर तो रकाना मी न थांबता भरून मोकळा झालो असतो. तिथं हात थांबावा अशी वेळ आमच्यावर कधी आलीच नाही.

माहिती बांधून आम्ही फ्लॉपी ऑफिसला दिली. एव्हाना परवानगी येऊन नवी आवृत्ती चढली असेल असं वाल्मीक धरून चालला. विचारायचं राहिलं. ही चूक त्याची, आणि ती त्यानं कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

यादी लागली. एकतीसही घरं अपात्र. जातीच्या कोऱ्या जागी राहायला आल्याचं वर्ष सरकलं होतं आणि वर्षाच्या जागी घरातली माणसं. द्रौपदी कधीपासून राहते? तर एक.

वाल्मीक नवी फ्लॉपी घेऊन धावला. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "चूक मान्य आहे. पण परवानगीशिवाय मशीनवर काही चढवता येणार नाही. पाडकाम नऊ दिवसांवर आहे. तुम्ही रकाना भरून आणा, मी उद्या नवी यादी छापतो."

वाल्मीकनं त्या रकान्यात आडवी रेघ देऊन पाहिली, बौद्ध लिहून पाहिलं. ऑफिसचा प्रोग्राम घेईना. तिथं ठरलेल्या जातींचे कोडच चालायचे, आणि बौद्ध हा धर्म, तो आधीच्या रकान्यात येऊन गेला होता.

तीस घरांनी खाली मान घालून जातीचं जुनं नाव भरू दिलं. पोरंबाळं घेऊन जाणार कुठं? त्यांना कुणी नावं ठेवली तर मला संताप येतो. द्रौपदी एकटी अडली.

"घर परत बांधता येतंय," ती वाल्मीकला म्हणाली.

"मावशी, तो नुसता कोड आहे गं. चार आकडे."

"मंग तुज्या मशीनला सांग ना, ती नुसती कोरी जागा हाय म्हून."

एरवी कुणाच्या पत्त्यातली ढळढळीत चूकसुद्धा तो विचारल्याशिवाय सुधारायचा नाही. माणसानं सांगितलं तेच बांधायचं, असं मला शंभरदा ऐकवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्यादेखत मावशीच्या रकान्यात ते चार आकडे दाबले. मी त्याला अडवलं नाही. घर वाचावं असं मलाही वाटत होतं, आणि तरी माझी मला लाज वाटत होती.

आकडे मशीनपुरतेच होते. कागदावर त्यांच्या जागी जातीचा पुरता शब्द छापून आला.

द्रौपदी साक्षरता वर्गात वाचायला शिकली होती. ऑफिसच्या भिंतीवरच्या नव्या यादीत तिनं बोट ठेवून आपली ओळ वाचली. पात्र. मग बोट मागं गेलं आणि त्या शब्दावर थांबलं. वाल्मीक आणि मी शेजारीच उभे होतो. आत जाऊन तिनं कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. साहेबांनी तो मला वाचायला दिला. "यादीत सतरा नंबरला लिहिलेली बाई मी नाही. तिची खोली मला नको. द्रौपदी."

या अर्जाला कुणाची परवानगी लागली नाही. साहेबांनी तिथल्या तिथं ओळ खोडली.

नवव्या दिवशी घर पाडलं. त्या एकतीस घरांतलं तेवढं एकच माणूस खोलीविना निघालं. अकलोलीला तिची चुलतबहीण शेवंता होती, तिकडं जायला ती भांडी भरून एसटीची वाट बघत उभी राहिली. वाल्मीक पुढं झाला. "मावशी, माझ्याकडं चल. पाया पडतो तुझ्या."

"कोन येऊ तुज्याकडं?" तिनं विचारलं. "ती बाई का मी?"

तो तिथंच हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला. एसटी आली तशी द्रौपदीनं आपली भांडी आपणच वर चढवली.