माझ्या नातवाची ओटी

"दाखला आण, मग बाप्यांच्या रांगेत उभं राह."

असं म्हणत दादांनी माझ्या नातवाच्या हातातला कॅन लाथेनं उडवला. टँकर समोर उभा होता, पाइपातून पाणी गळत होतं, आणि अख्खी वस्ती बघत होती.

चिकलठाण्याच्या मागं आमची वस्ती. जमीन दादांच्या घराण्याची. त्यांनी ती गुंठा-गुंठा करून विकली. आम्ही घेतली, घरं बांधली. शहर आमच्या पुढं निघून गेलं, नळ मात्र आला नाही. दुष्काळी उन्हाळ्यात टँकर दादांचा, पाणी दादांचं, म्हणून रांगही दादांची. बायका डावीकडं, बाप्ये उजवीकडं. वस्तीतली शाळासुद्धा त्यांच्याच संस्थेची.

नातू तेव्हा आठवीतून नववीत गेला होता. जन्मदाखल्यावर मुलगी. ते नाव मी इथं लिहिणार नाही, त्यानं ते टाकलेलं आहे. अगदी लहान होता तेव्हापासून म्हणायचा, मी पोरगा हाय. आम्ही हसायचो. मग त्यानं स्वतःच स्वतःचं बारसं केलं. मल्हारी. आमच्या कुळाच्या देवाचं नाव. केस कापले. शर्ट-पँट घालू लागला. त्याचा बाप, माझा मुलगा, आजारपणात गेलेला. घरात मी, सून आणि तो. सून दादांच्या बांधकामावर विटा वाहायची. मी कारखान्यातून रिटायर झालो आणि दादांच्याच प्लॉटांवर वॉचमन लागलो. आमचं ताट त्यांच्या ओट्यावर होतं.

त्या दिवशी मल्हारी उजवीकडं उभा राहिला. कॅन उडाल्यावर दादा माझ्याकडं वळले.

"काय रे धनगरा, मेंढरातले नर-मादी वळखतू, अन् घरातलं वळखंना व्हय?"

लोक हसले. दादा माझ्या मुलाच्या वयाचे. मी सत्तरीचा. मी हात जोडले.

"येडं हाय ते, दादा. मनावर घेऊ नका."

मीच त्याच्या दंडाला धरून त्याला बायकांच्या रांगेत नेलं. बायकांनी त्याला बाहेर ढकललं. हा बाप्या हितं कशाला, म्हणून एक ओरडली. दोन्ही रांगांना तो नको होता. रिकामा कॅन घेऊन आम्ही घरी आलो.

तो रडला नाही. म्हणाला, "आबा, दादा बोलले त्याचं काय नाय. तुम्ही येडं म्हणलात."

बहात्तर सालच्या दुष्काळात आमची मेंढरं कवडीमोलानं गेली. मी सडकेच्या कामावर खडी फोडायला बसलो. तिथल्या मुकादमानं मला नावानं कधीच हाक मारली नाही, जातीनं मारायचा. मी ओ द्यायचो. पुढं कारखान्यात ओ दिली, दादांकडं ओ दिली. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाला ओ देत आलो, आणि ज्या पोरानं आपलं नाव आपण ठेवलं त्याला वेडं ठरवलं.

नववी संपत आली. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे छापलं जातं ते जन्माला चिकटतं. कॉलेज, नोकरी, भाड्याची खोली, सगळीकडं तेच पुढं करावं लागतं. मल्हारी म्हणाला, त्यावर मुलगी छापणार असतील तर मी परीक्षेला बसत नाय. तो थट्टा करत नव्हता. त्यानं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली.

शाळेतल्या एका मास्तरांनी दार लावून मला सांगितलं, मूल लहान असलं तर कागदावरचं नाव आणि लिंग बदलायला पालकाला अर्ज करता येतो. सुनेनं अंगठा दिला, शेजारी मी सही केली, आणि अर्ज कलेक्टर कचेरीत दिला. आठवड्यात दादांना कळलं.

त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली. विषय फळ्यावर लिहिलेला: लहान मुलांना कागदावर लिंग बदलू द्यावं का? मला आधी निरोप होता. सभेत उठून सांगायचं, आमची चूक झाली, अर्ज मागं घेतो. मग नोकरी राहील, सुनेचं काम राहील.

स्टेजवर वकील होते, डॉक्टर होते. वकील म्हणाले, कायद्यात वाट आहे. डॉक्टर म्हणाले, घाई नको, या वयात मन पालटतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. तीच भीती मलाही होती. मी घरी मल्हारीला विचारलं होतं, उद्या मन पालटलं तर? तो म्हणाला होता, "तर पुन्हा सांगन की, आबा. म्हणून आज खोटं बोलू?"

एका बाईनं संडासाचा प्रश्न काढला. एक जण म्हणाला, जन्माचं नाव बदलायचं नसतं. ज्या शहराचं स्वतःचं नाव नुकतंच बदललं आणि पाट्यांवरचा रंग अजून वाळला नव्हता, त्या शहरात म्हणाला. शेवटी सगळ्यांचं एका वाक्यावर जमलं. लेकरू लहान आहे, त्याला काय कळतं.

लेकरू मागं सतरंजीवर बसलेलं होतं. त्याला कुणी एक शब्द विचारला नाही.

मग दादा उठले. हसून म्हणाले, "आपली लेक हाय. तिचा मान करू, म्हंजी विषय मिटला." त्यांनी मल्हारीला स्टेजवर बोलावलं. आपल्याकडं सभा म्हटली की सत्कार आलाच. पुरुषाला टोपी-टॉवेल, बाईची ओटी. दादांच्या घरच्या बाई ताट घेऊन पुढं आल्या. हळद-कुंकू, खण, तांदूळ, नारळ. मल्हारीला ओढणी धरायला दिली. त्यानं धरली नाही. बाईंनी तीच त्याच्या गळ्यात टाकली, टोकं त्याच्या मुठीत कोंबली आणि ओटी भरली. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरची पोरं शिट्ट्या मारत होती. मल्हारी मान वर करत नव्हता, ओढणीच्या कडेनं तांदूळ खाली सांडत होते.

लाथ मारली तेव्हा निदान ती लाथ होती. इथं तर मान म्हणून त्याला चारचौघांत गाडत होते.

मी स्टेजवर चढलो. दादांना वाटलं, मी कबुली द्यायला आलो. त्यांनी माइक पुढं केला. मी ओढणीतून नारळ काढला, खण काढला, परत ताटात ठेवला. ओढणी काढून घडी केली. हाताला कुंकू लागलं, ते धोतराला पुसलं. भरलेली ओटी परत करणं म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. दादांच्या घरच्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांचा दोष नव्हता, पण मी थांबलो नाही.

माइकवर म्हणालो, "हा माझा नातू. मल्हारी. अर्ज आम्ही दिलाय, मागं घेत नाय. टँकरपाशी मी त्याला येडं म्हणलो, ते मी भ्यालो म्हणून. तो येडा नाय."

दादा माइक हिसकावत म्हणाले, "म्हाताऱ्या, लेकराचं वाटोळं करायलास. लहान हाय ते."

"रांगेतून हाकललं तवा लहान नव्हता व्हय?"

टाळी कुणीच वाजवली नाही. सून उठली, आणि आम्ही तिघं बाहेर पडलो.

माझी नोकरी गेली. सुनेचं काम गेलं, ती आता सिल्लोडकडं कापूस वेचायला जाते. टँकर आमच्या गल्लीच्या तोंडावर थांबतो आणि पाणी न देता पुढं निघून जातो. शाळेत मल्हारीला इतकं छळलं की त्यानं ती सोडली. आता तो घरी अभ्यास करतो, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणार आहे. अर्ज पडून आहे. कचेरीतला साहेब म्हणतो, अठराचा होऊ द्या, मग बघू. मी म्हणतो, रोज मरायला अठराची अट नाही, मग जगायला कशाला? मी पुन्हा जातो, पुन्हा बाकावर बसतो.

परवा दादांचा माणूस आला. अर्ज मागं घ्या, सगळं पहिल्यासारखं करू, आणखी एक सभा घेऊन समजुतीनं मिटवू.

मी त्याला सांगितलं, पहिल्यासारखं आम्हाला नको. सभा खुशाल घ्या. पण पहिला बोलणार तो मल्हारी. तो बोलायच्या आधी त्याच्याविषयी कुणी तोंड उघडायचं नाही, डॉक्टरनं नाही, वकिलानं नाही, दादांनी नाही, मीसुद्धा नाही. हे मान्य नसेल तर मी हॉलच्या उंबऱ्यात आडवा पडीन. ज्याला आत जायचं असेल त्यानं माझ्या छातीवर पाय देऊन जावं.