अंबाडीचे शेंडे

आई गेली ती इकडे उत्तरेत, झिरकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये. तिरडी बांधायला धावपळीत हाताला लागली ती नायलॉनची दोरी. चितेवर ती नीट जळेना, वितळून आईच्या पायाला चिकटली. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ते पाहिलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मला असलं बांधू नका."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी हिंगोलीहून अंबाडीचं बी मागवलं आणि आमच्या तळमजल्यामागच्या मोकळ्या पट्टीत पेरलं. मी खूश. इथे कुठली मिळायला अंबाडीची भाजी!

"भाजीला नाही," ते म्हणाले. "वाख काढायचाय. माझ्यापुरता दोर वळून ठेवतो."

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, अभद्र बोलू नका हं! माझ्या घरात बसून स्वतःच्या तिरडीची तयारी करता?"

"अगं, ऐनवेळी तुम्हाला बाजारात पळायला नको."

अंबाडी सरळ वाढू दिली तरच सालीचा वाख लांब निघतो. शेंडे खुडले की फांद्या फुटतात, वाख तुटक होतो, दोर कमी भरतो. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी एका सकाळी ते फिरायला गेले आणि मी झाडून सगळे शेंडे खुडले. दोरच झाला नाही तर हे जातील कसे, असलं काहीतरी खूळ डोक्यात! भाजी केली, वर लसणाची फोडणी. अण्णांनी दोनदा मागून घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर त्यांनी झाडं कापून ड्रममध्ये कुजत घातली. असा वास सुटला की वरच्या आंटी रोज विचारायच्या, "अंकलजी, ये क्या सड़ रहा है?" मग साल सोलून, धुऊन, वाळवून अण्णा मांडीवर दोर वळत बसले. वीतभर वळला की नवा वाख जोडायचा, पुन्हा वळायचा. मला बघवायचं नाही. चहा ठेवून मी आत पळायचे.

माघात अण्णा गेले. दोर त्यांच्या धोतरांखाली गुंडाळून ठेवलेला होता. नवऱ्याने छातीपासून बांधायला घेतलं. कंबर झाली, गुडघे झाले आणि दोर संपला. पाय तसेच राहिले.

"नायलॉन आणू?" कुणीतरी विचारलं.

"खबरदार!" मी ओरडले.

आतून त्यांचं धोतर आणलं, फाडलं, त्यांच्यासारखाच मांडीवर पीळ दिला आणि पाय मीच बांधले. बांधताना रडू आवरेना, आणि त्यांचा रागही येत होता. अण्णा, ती भाजी तुम्ही मुकाट्याने खायला नको होती.