शिडाचा पाळणा

रंगराव भोई गेला, तेव्हा तानुबाईच्या वाट्याला एक नाव आली आणि गावभरचे सल्ले आले. नाव पूर्णेच्या घाटावर बांधलेली होती. सल्ले मात्र चालत घरापर्यंत यायचे. नवऱ्याचा चुलतभाऊ उकंडराव याला नाव देऊन टाक आणि दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जा, असं सगळ्यांचं एकमुखानं म्हणणं. तानुबाई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी नाव सोडायची.

वल्हं तिला नवं नव्हतं. अडचण होती शिडाची. पावसाळ्यात पूर्णा नावेला मावळतीकडे ओढते आणि वारा मावळतीकडूनच येऊन उलटा ढकलतो. दोघांना झुंजत ठेवून नाव पलीकडे, शेगावच्या बाजूला काढायची. वारा चवताळला तर शीड झटक्यात खाली आलं पाहिजे. म्हणून घाटाचा रिवाज होता की सुकाणूवर एक जण, शिडाच्या दोरीवर दुसरा, आणि दोन्ही पुरुष. हा रिवाज कुणी घातला ते एकालाही सांगता येत नव्हतं. तानुबाई घाटावर दिसली की मात्र तो सगळ्यांना बरोबर आठवायचा.

शेषराव पाटलांनी तिला तोंडावर सांगितलं, "दोरीवर मानूस नसन तर शीड चढवाचं नाही."

"दोरीच माह्यापाशी आनतो," ती म्हणाली.

आणि ती कामाला लागली. शीड चढवायची दोरी तिनं डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून फिरवून मागे सुकाणूपाशी आणली. शीड खाली खेचायला दुसरी दोरी शिडाच्या वरच्या आडकाठीला बांधली आणि डोलकाठीच्या बुडाशी मोटेची जुनी कप्पी लावून तीही मागे घेतली. उतरलेलं शीड पाण्यात किंवा उतारूंच्या डोक्यावर पडू नये म्हणून डोलकाठीपासून खालच्या आडकाठीपर्यंत दोन्ही अंगांनी दोऱ्या ताणल्या, पाळण्याला असतात तशा. घाट पोट धरून हसला. उकंडराव म्हणाला, "वयनी, आता अंगाईबी म्हना."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. शीड अर्ध्यावर येऊन अडकलं, नाव गरगर फिरली आणि खालच्या बाभळीत जाऊन घुसली. अंबाडीची नवी दोरी भिजून फुगली होती आणि वरच्या कप्पीत रुतून बसली होती. नवी दोरी भिजवून, ताणून मगच विहिरीच्या चाकावर चढवतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. लोकांना दाखवून द्यायच्या घाईत तेच राहिलं. त्या रात्री तिला लोकांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. सकाळी तिनं दोऱ्या नदीत भिजवल्या, धोंडा बांधून कडुलिंबाला टांगल्या, सुकल्यावर एरंडेल चोळलं.

बाजाराच्या दिवशी पाटलांना शेगावला जायचंच होतं. ते घाटावर आले आणि म्हणाले, "आज बाभळीत गेली तं नाव उकंडरावाची."

"अन् नाही गेली तं माही. बसा."

पाटील बसले. मजा बघायला उकंडरावही बसला. मधल्या धारेला आभाळ काळवंडलं, वारा एकदम आडवा घुसला आणि नाव एका अंगावर कलली. उकंडराव दोरीकडे झेपावला.

"हात नका लावू, भाऊजी," तानुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. आता अडकलं तर नाव गेली, घाट गेला, सगळंच गेलं. तिनं सुकाणू काखेत दाबलं, एक दोरी सोडली, दुसरी दोन्ही हातांनी ओढली. शीड सरसर खाली आलं आणि पाळण्यात घडी पडल्यासारखं निजलं. पाटलांच्या पागोट्यालासुद्धा ते लागलं नाही. वारा ओसरल्यावर तिनं तिथंच बसून शीड पुन्हा चढवलं.

पलीकडे उतरल्यावर पाटलांनी घसा खाकरला. "जमलं बाई तुले. नाव तुहीच. पन बाईमानूस एकटी... उकंडरावाले बसू दे दोरीपाशी. रिवाजबी राह्यते."

तानुबाईनं ओली दोरी पिळली आणि खुंटीला गुंडाळली.

"बसू द्या ना," ती म्हणाली. "उतारू म्हनून."