डबेनानांच्या गाठी

मुक्ता, अशी जवळ ये बघू. तो लॅपटॉप ठेव तिकडे. दोन दिवसांसाठी आत्याआजीकडे आलीस आणि दोन्ही दिवस त्या पडद्याशी भांडत बसलीस, ही काय रीत झाली? काल जेवताना मला समजावून सांगत होतीस, की प्रत्येक प्रोजेक्टचं सामान वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवायचं असतं, म्हणजे एकाची सेटिंग दुसऱ्याला बाधत नाही. वर म्हणालीस, "आजी, हे नवीन आहे, तुला नाही कळायचं." अगं, बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या तिसगावच्या रस्त्यावर एक माणूस हेच सायकलला बांधून हिंडत होता.

ते टेलिफोनचे लाइनमन. सगळे त्यांना डबेनाना म्हणत. काळे, हडकुळे, खाकी चड्डीला दोन ठिगळं, आणि सायकलच्या कॅरियरला बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे. एकेका गावाचा एकेक डबा. तिसगावच्या फोनांना लागणारे फ्यूज, स्क्रू, तार, चिमटा सगळं तिसगावच्या डब्यात. करंजीचं करंजीच्या. एकदा सरपंचांचा फोन बंद पडला आणि तिसगावच्या डब्यातले फ्यूज नेमके संपलेले. सरपंच म्हणाले, "अहो, त्या करंजीच्या डब्यात दिसतोय की!" नाना झाकण लावत म्हणाले, "त्यो करंजीचा हाय. उद्या तिथं फोन बंद पडला तर काय सांगू, तुमचा फ्यूज सरपंचांनी खाल्ला म्हून?" आणि भर उन्हात पाथर्डीला जाऊन नवीन फ्यूज घेऊन आले.

सामान लावलं, सुरू झालं, चला घरी, असं त्यांचं कधीच नसायचं. फोन दुरुस्त केला की तिथून त्याच्या बाजूचा दांडा फिरवून घंटी द्यायची, मग सायकलवर टांग मारून आमच्या खोलीत यायचं आणि इथूनही ऐकायचं. "दोन्ही टोकानं ऐकू आल्याबिगर जोडनी झाली म्हनू ने." हे मी दिवसातून तीनदा तरी ऐकलं असेल.

आमची खोली म्हणजे पोस्टाच्या मागचं टेलिफोन एक्स्चेंज, आणि मी तिथली ऑपरेटर. लाकडी बोर्ड पंचवीस लाइनींचा, पण गावात फोन अकराच. कुणी घरी दांडा फिरवला की बोर्डावरची त्याच्या नंबराची झडप खाली पडायची. मग मी विचारायचं, "कोण पाहिजे?" आणि दोरीची पिन मागितलेल्या नंबराच्या भोकात खुपसून दोघांना जोडून द्यायचं. माझी शाळा सातवीपर्यंतची. बोर्ड नानांनीच शिकवला. पण पुढची बाजू तेवढी. बोर्डाच्या पाठीमागे तारांचं जे जाळं होतं, तो त्यांचा प्रांत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून भावाकडे आलेली. भाऊ म्हणजे तुझे आजोबा गं. जीव लावायचा मला, पण घरात खाणारी तोंडं सात, आणि विहिरीला पाणी नाही. मान खाली घालून म्हणाला होता, "आक्का, नोकरी पक्की झाली तर तू हितंच ऱ्हा. न्हाई झाली तर मला तुला परत धाडावं लागंल." नोकरी सहा महिन्यांची, हंगामी. इन्स्पेक्टरसाहेब नगरहून येऊन तपासणार आणि ठेवायचं की नाही ते लिहिणार.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मी खोली लख्ख केली. जमीन सारवली, पिना चिंचेनं घासल्या. मग बोर्डाच्या पाठीमागे गेले. तिथे प्रत्येक तारेला एक मळका, चिकट दोरा बांधलेला, आणि दोऱ्याला गाठीच गाठी. मला वाटलं, पुरुषाचं काम, नीट बांधता आलं नसेल. सगळे दोरे सोडले, तारा उपसून सरळ केल्या, परत खोचल्या, नवे पांढरे दोरे छान एकसारखे बांधले. जुने चुलीत. किती सुंदर दिसत होतं म्हणून सांगू!

थोड्या वेळानं दवाखान्याची झडप पडली. मी पिन घालून "बोला डॉक्टरीणबाई" म्हटलं, तर पलीकडून आडत्या ओरडला, "डॉक्टरीन कवा झालो मी?"

दुपारी नाना आले तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होते. त्यांनी पाठीमागे डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"पोरी, त्या गाठी नंबराच्या हुत्या. दवाखान्याला तीन, आडतीला चार. कागूद उंदीर खातो, शाई घामानं जाती. गाठ बोटाला कळती. कुठं टाकल्यास?"

"चुलीत."

"लई झ्याक."

मला वाटलं, आता हा माणूस सगळं लावून देईल. तर नाना सायकलकडे निघाले. "मी अकरा घरं फिरतो. एकेका घरून दांडा फिरवीन. तू बघ कुठली झडप पडती, अन् तार जागेवर लाव. गाठी तूच मार."

"नाना, तुम्हीच लावा ना. उद्या साहेब येणार!"

"म्हून तर."

त्या उन्हात ते अकरा दारी गेले. चुकलं की पुन्हा मागे जायचे. दवाखान्यात तीन वेळा गेले. दिवेलागणीला परतले. तांब्याभर पाणी प्यायले आणि बोर्डाच्या मागे जाऊन डोळे मिटून एकेक गाठ चाचपली. मग म्हणाले, "जा घरी."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाठीमागे पाहिलं. "सगळे दोरे नवे? कुणी बदलले?"

नाना खोकले. पण माझ्या तोंडून निघालंच. "मी. जुने मीच जाळले. चूक झाली, साहेब."

"आणि हे कुणी लावलं?"

"बाईंनी," नाना म्हणाले. एरवी पोरी म्हणणारे, त्या दिवशी बाई म्हणाले. "सगळा बोर्ड बाईंनी लावलाय. मी निस्ता सायकल हाणत हुतो."

साहेबांनी दोरे धरून चार तारा उपटल्या, त्यांची सरमिसळ केली आणि घड्याळ काढलं. "लावा."

नानांनी लावून दिलं असतं आणि मी नुसतं बघितलं असतं ना मुक्ता, तर मी तिथेच संपले असते. पण आदल्या दिवशी माझ्या बोटांनी ते केलं होतं. गाठी मोजल्या, चारही तारा जागेवर बसवल्या आणि चारही घरी बोलून दाखवलं. साहेबांनी लिहिलं, ठेवावे. मी भावाच्या घरी राहिले.

दोन वर्षांनी नानांची बदली अकोले तालुक्यात झाली, भंडारदऱ्याच्या डोंगरात. महिन्याकाठी एखादा फोन यायचा. "पोरी, ये की एकदा. धरान दाखवतो. हिकडचं पानी बघून येडी हुशील." मी म्हणायची, "येते नाना, पुढच्या महिन्यात." नोकरी पक्की होती, पण धास्ती काही गेली नव्हती. वाटायचं, चार दिवस खुर्चीवरून उठले तर दुसरी कुणी येऊन बसेल. सात वर्षं मी रजा घेतली नाही.

एके दिवशी तिकडच्या ऑपरेटरनं सांगितलं, "बाई, तुमचे नाना गेले. तीन दिवस झाले." मी "बरं" म्हटलं आणि पुढचा फोन जोडून दिला. पलीकडे माणूस खोळंबला होता.

निवृत्त झाल्यावर धरण पाहून आले. पाणी खरंच पुष्कळ आहे. दाखवायला कुणी नव्हतं.

तेव्हा तुझं ते "हे काम संपलं की येते, आजी" मला ऐकवू नकोस. तुझी कामं कुठली संपतायत! पुढच्या शनिवारीच नगरला उतर, पाथर्डीची एसटी धर आणि ये. मी फाट्यावर घ्यायला येते.