भरती आली गो

"भरती आली गो," एमआरआयच्या मशीनमधून बाहेर आल्यावर मावशी सांगायच्या आणि मनगटापासून खांद्यापर्यंत बोट फिरवायच्या. शिरेत सोडलेलं औषध कुठवर गार चढत गेलं, ते मला दाखवायच्या.

भिवंडीतल्या सेंटरमध्ये मी एमआरआयचे फोटो काढते. मावशी तिथल्या पेशंट, जवळच्या अंजूर गावच्या. त्यांच्या मेंदूत गाठ होती. उपचारांनी गाठीच्या रक्तवाहिन्या कमी होतात का, हे एक डॉक्टर अभ्यासत होते. त्यासाठी दर तीन महिन्यांनी जास्तीचे फोटो लागायचे.

"तुम्हाला याचा उपयोग होईलच असं नाही. पुढच्या पेशंटना होईल," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"मंग पुढच्यांसाठी काढा," मावशी म्हणाल्या आणि सही केली.

तुमच्यापैकी कुणी त्या मशीनमध्ये गेलं असेल, तर तिचा खडखडाट ठाऊक असेल. मावशी त्यात गाढ झोपायच्या.

"आज आई दिसली. खाडीकडच्या बांधावर बसलेली. बोलली न्हाय, नुसती हसली."

त्या तिकडे स्वप्नात खाडीवर असायच्या, तेव्हा मी काचेअलीकडे पडद्यासमोर. औषध पोचलं की काळोखात एकेक वाहिनी हळूहळू उजळायची. मलाही पेंग आल्यासारखं व्हायचं.

एकदा त्यांनी फोटो बघायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी दाखवला. गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या वाहिन्या करून घेते, असं समजावलं.

"आमच्या शेताकडं तसंच झालं," मावशी म्हणाल्या. "आधी रस्ता आला, मंग गोडाऊन."

पुढच्या खेपेला वाहिन्या खरंच विरळ झाल्या होत्या. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर मावशी दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आल्या.

त्याच्या पुढच्या खेपेला पडद्यावर वाहिन्या पुन्हा दाट उजळल्या. रिपोर्ट सांगणं माझं काम नाही. मी सुईच्या जागी कापूस धरून उभी राहिले.

"रस्ते परत झाले, न्हाय का?"

मी कापसाकडे बघत राहिले.

"एवढा नको दाबू, पोरी. दुखतंय," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतरच्या तारखेला अकरा वाजून गेले तरी त्या आल्या नाहीत, म्हणून मी फोन लावला. सुनेनं उचलला.

"आई गेल्या, ताई. पंधरा दिस झाले. सांगून गेल्यात, त्या पोरीला कळव, न्हायतर ती वाट बघत बसंल. माझ्याच ध्यानातून गेलं."

बाहेर पुढचे पेशंट आले होते. त्यांना मी दहा मिनिटं थांबायला सांगितलं. काचेपलीकडे टेबलावर मावशींसाठी धुतलेली चादर घातलेली होती. तिच्याकडे बघत मी बसून राहिले.