निताचा जन्म कुठं झाला

मानोऱ्याच्या तहसीलसमोर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. सव्वीस वर्षांपासून मी तिथं लोकांचे अर्ज लिहून देतो. माझं नाव देवमन. आधी नाव सांगतो, कारण हिरीबाईच्या बाबतीत जे झालं त्यात माझा हात होता, आणि तो झाकून गोष्ट सांगणं बरं दिसणार नाही.

हिरीबाई आडे इथून सात किलोमीटरवरच्या तांड्यातली. नवरा फुलसिंग, दोन एकर बरड जमीन, चार बकऱ्या आणि एकुलती मुलगी निता. दिवाळी झाली की नवराबायको टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे आणि पाडव्याच्या आसपास परत यायचे. सहा वर्षांपूर्वी फुलसिंगची कंबर गेली, तेव्हा ते जाणं थांबलं. तेव्हापासून हिरीबाई बाजारात भाजी घेऊन बसते. पावसाळ्यात काटवलं आणि तरोटा, पुढं आंबाडी, सीताफळं. तिची जागा माझ्या टेबलापासून वीसेक पावलांवर, पंचफुलाबाईच्या शेजारी. पंचफुलाबाई शेतकरी घरातली, घरचाच माल विकते. दोघींचं बोलणं सकाळी सुरू झालं की माल संपेपर्यंत चालायचं, आणि मी ऐकत असायचो.

पन्नीबंदीची, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या जप्त करणारी, गाडी आली त्या दिवसाचं आठवतं. नगरपंचायतीच्या माणसांनी दोघींच्याही पन्न्यांचे गठ्ठे उचलले आणि दंड केला. पंचफुलाबाई तावातावानं म्हणाली, "आमच्या पन्न्या दिसतेत यायले. अन् दुकानातले चिप्सचे पुडे काय केळीच्या पानात येतेत?"

हिरीबाई म्हणाली, "कायदा खोटा नाई वं. माही बकरी मेली तवा पोटातून पन्नीचा गोळा निंगाला, येवढा. पण पावती हातात देत जा म्हणा."

दंडाची पावती मोबाईलवर येणार होती. हिरीबाईच्या मोबाईलवर नुसतं बोलता येतं, म्हणून तिनं निताचा नंबर सांगितला होता. आपण दिलं आणि हातात काहीच आलं नाही, याचं तिला दिवसभर कसंतरी वाटत राहिलं. संध्याकाळी निता येऊन आईला "याडी, आली पावती" म्हणाली तेव्हा कुठं ती उठली. निता बारावी झाली होती, नर्सिंगला जायचं म्हणत होती. घरातला सगळा कागद तिच्याच मोबाईलमध्ये असायचा.

समोरच्या हॉटेलात टीव्ही चालू असतो. त्यावर सीमेच्या, घुसखोरांच्या बातम्या लागल्या की पंचफुलाबाई म्हणायची, "एकेकाले धुंडून काढा अन् पलीकडं नेऊन सोडा." हिरीबाईचं मतही तेच होतं. "हाव ना. कागद पाहाव. ज्याच्यापाशी नसन त्याले हाकलाव. आपल्याच लेकराले पुरत नाई अथी." मीही मान हलवायचो. कुणाचं काही जात नव्हतं.

पन्नीबंदीच्या आदल्या वर्षी निताचा जन्मदाखला निघाला होता. जन्माच्या वेळी नोंद झालेली नव्हती, म्हणून मागाहून अर्ज करावा लागला. तो अर्ज मी लिहिला होता. शाळेच्या रजिस्टरात निताची जन्मतारीख एक जून होती. तांड्यातल्या निम्म्या पोरांची एक जूनच आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. हिरीबाईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, पोट्टी उसाच्या फडावर झाली. संक्रातीच्या मंग चौथ्या दिवशी."

मी म्हणालो होतो, "तसं लिहिलं तर तुमाले तिकडं जावं लागन. जिथं जन्म, तिथंच नोंद होते. शाळेत एक जून हाये. जूनमधी तुमी तांड्यातच असता. तांडा लिहितो."

तिनं अंगठा दिला. मला वाटलं मी तिची एक चक्कर वाचवली.

मग पुढच्या जुलैत निताच्या मोबाईलवर मेसेज आला. जन्मनोंदीची फेरतपासणी सुरू आहे, मूळ पुरावे आणि साक्षीदार घेऊन सोमवारी हजर राहावं. बाहेरून आलेल्या लोकांनीही असे उशिराचे दाखले काढले असतील या संशयानं सगळेच पुन्हा पाहायचे ठरलं होतं. मायलेकी मेसेज घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. निताचा नर्सिंगचा प्रवेश त्याच महिन्यात व्हायचा होता, आणि त्यात हा दाखला लागणार होता.

"भाऊ, हे काहून आलं?" हिरीबाईनं विचारलं. "आमी का बाहेरचे हाओत?"

"यादी तारखेवरून निंगाली," मी म्हणालो. "कोण कुठचा, हे नाही पाह्यलं. सगळ्यायलेच बलावलं."

शेजारून पंचफुलाबाई म्हणाली, "मंग तू कायले भेतं वं? खऱ्या माणसाले कायचं भेव? तपासलं तर बिघडलं काय?"

समोरच्या काटवलांतलं एक उचलून हिरीबाई त्याच्यावरचे काटे नखानं खरडत राहिली. खरं तेच होतं की तिच्यापाशी खरा कागद नव्हता. होता तो मी लिहिलेला.

पुढचे चार दिवस तिनं घर उलथून काढलं. लसीकरणाचं कार्ड वाळवीनं खाल्लेलं निघालं. रेशनकार्डावर निताचं नाव होतं, पण ते सात वर्षांची झाल्यावर चढवलेलं. फुलसिंग रोज मला फोन करायचा. "देवमनभाऊ, दाखला रद्द झाला तर आधार बी बंद करतीन काय? रेशन?" मला माहीत नव्हतं. मी म्हणायचो, तसं काही होत नसतं. आवाजात जोर आणून म्हणायचो.

साक्षीदार म्हणून धनीबाई ठरली. टोळीत बाळंतपणं तीच करायची. निताची नाळ तिनंच कापली होती. आता ऐंशीच्या घरात, ऐकायला कमी. फुलसिंगनं तिला तीनदा समजावलं की तांडा म्हणायचं, जून म्हणायचं. ती प्रत्येक वेळी हो म्हणायची आणि पुन्हा विचारायची, "पण थे तं थंडीत झाली ना रे?"

शनिवारी हिरीबाई एकटी माझ्याकडं आली. बाजार नव्हता, मुद्दाम आली होती.

"भाऊ, खोटं बोलली अन् धरली तं? म्हणतीन, बाई खोटी हाये, मंग बाहेरचीच असन."

"आपण लिहून दिलं तेच बोला," मी म्हणालो. "बदललं तर जास्त वांधा होईन."

"तुमाले बी वांधा होईन काय?"

मी टेबलावरचे कागद आवरायला घेतले. तीही थांबली नाही, गेली.

सोमवारी व्हरांड्यात पन्नासेक माणसं होती. निम्म्यांचे अर्ज माझ्या अक्षरातले. मी ओळखीच्या लोकांकडं न पाहता दाराजवळ उभा राहिलो. आत नायब तहसीलदार ज्योत्स्ना मॅडम एकेकाला शांतपणे विचारत होत्या. आवाज चढत नव्हता, आणि त्यामुळंच लोक जास्त घाबरत होते.

हिरीबाईचा नंबर आला. मॅडमनी फाईल उघडली.

"मुलीचा जन्म कुठं झाला?"

"तांड्यात," हिरीबाई म्हणाली.

"तारीख?"

"एक जून."

"दवाखान्यात का घरी?"

"घरी."

मॅडमनी ते लिहिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "जूनमध्ये. म्हणजे पेरणीचे दिवस. त्या वर्षी पाऊस आला होता का तेव्हा?"

निता आईकडं पाहत होती. हिरीबाईनं एकदा मागं वळून दाराकडं, माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात धनीबाईला वाटलं आपल्याला विचारलं. ती मोठ्यानं बोलू लागली. "पाऊस कायचा वो बाई! थंडी होती. उसाच्या पाचटाच्या खोपीत झाली. कोयता गरम पाण्यात धुतला अन् नाळ कापली म्या. आग पेटवून ठेवली होती, पोट्टी निळी पडून राह्यली होती ना."

हिरीबाईनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "मॅडम, खरं थे हाये. फडावर झाली. संक्रातीच्या मंग चौथा दिवस. तिच्या वेळेस मले दोन दिवस काई खाल्लं गेलं नाई. हे कसं विसरन मी?"

"मग अर्जात तांडा कसं लिहिलं? कोणी लिहून दिलं?"

मी दारातच होतो. दोन पावलं टाकली असती तर आत गेलो असतो. कचेरीसमोरची जागा जाईल, एवढं एकच डोक्यात आलं, आणि पाय उंबऱ्याच्या आत गेला नाही.

"आमालेच घाई होती," हिरीबाई म्हणाली. "पोरीच्या शाळेसाठी."

मॅडमनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. मग म्हणाल्या, "हा दाखला मला रद्द करावा लागेल. पण तुम्ही जे सांगितलं त्याची नक्कल घेऊन जा. जिथं जन्म झाला तिथं नव्यानं अर्ज करा. मुलगी तुमची नाही, असं इथं कोणी म्हणत नाही."

बाहेर आल्यावर फुलसिंग बायकोवर ओरडला. "काहून खरं बोलली? येवढं समजावलं होतं!" मी पुढं होऊन म्हणालो, "फुलसिंग, चूक माही हाये. अर्ज म्या तसा लिवला. अन् आत बी नाई गेलो." तो माझ्याकडं बघतच राहिला. हिरीबाई म्हणाली, "मले मालूम हाये, भाऊ. मले वाटलं, तुमी येसान."

ते वाक्य मला आजही टोचतं.

रद्दचा मेसेज चौथ्या दिवशी आला, भर बाजारात. निता मानोऱ्यातच होती, धावत आली. हिरीबाईनं मोबाईल हातात घेतला. वाचता येत नाही, तरी किती वेळ त्या अक्षरांकडं पाहत होती. पंचफुलाबाईनं तिच्या टोपलीतली उरलेली भाजी आपल्याकडं ओढून घेतली आणि म्हणाली, "तू जाय घरी. मी इकतो हे." सीमेबद्दल त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात मी, हिरीबाई आणि निता एसटीनं निघालो. दोन बस बदलून ते गाव गाठायला संध्याकाळ झाली. हिरीबाईला गावाचं नाव आठवत होतं आणि एक मोठी विहीर. रस्ताभर ती एकच बोलत होती, "वीस वर्षांत सारं बदललं असन. कोण ओळखन?" गावाला आलेल्या टोळ्यांची नोंद कोण ठेवतं? दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत रजिस्टर काढून पाहिलं. नोंद नव्हती. ग्रामसेवकानं तसं लिहून दिलं आणि सांगितलं, गावातला कुणी साक्ष देणारा आणा.

त्या विहिरीचा मालक ज्ञानबा म्हणून म्हातारा, ओसरीवर बसला होता. त्याला हिरीबाई ओळखू आली नाही. दर साली नवी टोळी, तो म्हणाला, कुणाकुणाची तोंडं ध्यानात ठेवायची? हिरीबाई परत फिरायलाच निघाली होती. मग आतून सगळं ऐकत असलेली त्याची बायको बाहेर आली. तिनं निताला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खोपीत पोर झालं होतं ते? निळं पडलेलं? अवो, मी तूपगूळ पाठवलं होतं की. बाईनं माझं लुगडं परत दिलं नव्हतं."

हिरीबाई खाली बसली आणि तिथंच रडायला लागली. "त्यातच गुंडाळून आणली होती हिले," ती म्हणाली. "मंग परत काय देऊ?"

त्या दोघा म्हाताऱ्यांनी जबाब दिला. पुढं चौकशी, तिकडच्या कचेरीचा आदेश, यात पाच महिने गेले. मला आणखी दोनदा जावं लागलं. त्या वर्षीचा प्रवेश हुकला. निता वर्षभर घरी राहिली, बकऱ्यांमागं जायची आणि संध्याकाळी मोबाईलवर काही आलं का पाहायची. आईनं विचारायच्या आधीच सांगायची, "नाई आलं, याडी." फुलसिंग त्या काळात माझ्याशी बोलला नाही.

दाखला आला तो जानेवारीत. त्यावर अठरा जानेवारी तारीख आणि त्या परक्या गावाचं नाव. पुढच्या हंगामात निताला प्रवेश मिळाला. आता ती होस्टेलवर असते.

तांड्यातले त्या यादीतले आणखी अकरा अर्ज माझ्याच अक्षरातले होते. मी एकेकाच्या घरी जाऊन आलो. दोघांनी मला शिव्या दिल्या. एकानं चहा पाजला. तिघांच्या पोरांचा जन्म खरोखर तांड्यातलाच निघाला, त्यांचं निभावलं. बाकीच्यांचं चालू आहे.

हिरीबाईची काळजी मात्र गेलेली नाही. शाळेच्या कागदावर अजून एक जून आहे आणि दाखल्यावर अठरा जानेवारी. मागच्या बाजाराला ती माझ्या टेबलाशी आली. निताचा फोन आला होता, कॉलेजचा कुठला तरी नवा फॉर्म भरायचा होता आणि त्यात जन्मतारखेची एकच चौकट होती.

"कोणती लिवाव, भाऊ?"

मी म्हणालो, तिला म्हणाव सोमवारपर्यंत थांब, मी मॅडमला विचारून येतो.

"सोमवारपर्यंत चालन ना पण? शेवटची तारीख कवाची हाये, थे नाई विचारलं म्या."

ती तिथंच उभी राहून निताला फोन लावू लागली. दोनदा लावला, लागला नाही.